एकशेऐंशीच्या पुढे

६ जानेवारी

विहीणबाई, नमस्कार.

हे पत्र का लिहावं लागलं ते आधी सांगते. काल संध्याकाळी माझा मुलगा माझ्याकडे आला होता. अर्धा चहा झाला आणि त्याचा फोन वाजला. मी फोन केला की हा माणूस संध्याकाळी उलटा फोन करतो, "आई, हात पेशंटच्या तोंडात होते" म्हणून. हा फोन मात्र त्याने पहिल्या घंटीला उचलला आणि गॅलरीत जाऊन दार ओढून घेतलं. ते दार नीट लागत नाही, हे तो विसरला. "सासूबाई, ते लॉक निघेल ना पण? एकशेऐंशीच्या पुढे मला एकदा बघायचंच आहे," असं तो म्हणाला आणि मग बराच वेळ हसला. आत आल्यावर मी विचारलं, "कोण होतं?" तर म्हणाला, "पेशंट. दाढ दुखतेय."

दाढ दुखणाऱ्या पेशंटशी कोणी इतकं हसत नाही.

त्याने ती परदेशातून आणवलेली राखाडी गाडी घेतली, तेव्हा मी एक शब्द बोलले नाही. दोन माणसांची गाडी, तीही जमिनीला चिकटलेली. घेतली तर घेतली. पण तिला बनवणाऱ्यांनी वेगाला जे कुलूप घातलं आहे ते काढायचं, आणि ते तुम्ही काढायचं, आणि ते मला दाराच्या फटीतून कळायचं, हे मला चालणार नाही. मी रसायनशास्त्राची पदवी घेतलेली बाई आहे. टायरच्या कारखान्यात, चाचणी विभागात माझी नोकरी झाली. वेग म्हणजे काय ते मला समजावू नका. ते कुलूप काढू नका, आणि माझ्या मुलाला माझ्याशी खोटं बोलायला लावू नका.

फोन करत नाही, कारण फोनवर आपण दोघी एकदम बोलतो आणि नंतर दोघीही "मी तसं म्हटलंच नव्हतं" म्हणतो. लग्नातल्या पुढच्या रांगेतल्या खुर्च्यांवरून काय झालं ते आठवत असेलच. कागदावर तशी सोय नसते.

उत्तर कुरिअरने पाठवा.

मुलाची आई


१० जानेवारी

विहीणबाई, नमस्कार.

तुमचं पत्र वर्कशॉपच्या टेबलावर आलं. ग्रीसच्या हाताने उघडलं, त्यामुळे त्यावर माझा अंगठा उमटलाय. कोर्टात नेलंत तर माझी सही समजा.

खोटं बोलायला मी लावलं नाही. जावई एवढंच म्हणाले, "आईला आत्ताच नको सांगायला. ती रात्रभर जागी राहील." आता त्यांना असं का वाटतं, ते तुम्हीच बघा. लहानपणी त्यांच्या सायकलची आधाराची दोन छोटी चाकं तुम्ही किती उशिरापर्यंत काढू दिली नाहीत, ते मला सगळं ठाऊक आहे. वर्गातली पोरं कशी हसायची, तेही.

कुलूप म्हणजे पितळेचं नाही हो. इंजिनाच्या कॉम्प्युटरमध्ये एक आकडा लिहिलेला असतो. गाडी जिथे बनली तिथल्या रिवाजाने तो एकशेऐंशी आहे. गाडी तिथवर गेली की कॉम्प्युटर पेट्रोल तोडतो. वाघाला पिंजऱ्यात घातल्यासारखं वाटतं, असं जावई म्हणतात. मी म्हटलं, तुम्ही दाताचे डॉक्टर, तुम्हाला वाघाचं काय माहीत? तर म्हणाले, "दात माहीत आहेत."

रस्त्यावर ते पळवणार नाहीत. त्यांच्या गाड्यांच्या क्लबाने विमानांची एक बंद पडलेली धावपट्टी भाड्याने घेतलीय. सरळ, रिकामी, कुत्रंसुद्धा नसतं. वर्षातून दोनदा तिथे जाऊन मोठी माणसं लहान होतात. मी नाही म्हटलं, तर ते दुसऱ्या कोणाकडे जातील. तो फुकटात उतरवलेला प्रोग्राम घालून देईल आणि इंजिनाची वाट लावेल. त्यापेक्षा मी केलेलं बरं. मुलीचे वडील गेल्यापासून हे वर्कशॉप मी चालवते आणि कॉम्प्युटरचं काम कोणाच्या हातात देत नाही. गाडी पट्ट्यांनी जमिनीला बांधायची, चाकं रोलरवर ठेवायची आणि जागच्या जागी पळवायची. काटा दोनशेवर जातो आणि गाडी तसूभर हलत नाही. यात भिण्यासारखं काय आहे?

आता माझंही एक ऐका. माझी लेक कुठल्या डॉक्टरकडे गेली, नोकरी सोडायचं म्हणतेय, केस कापले, हे सगळं मला तुमच्याकडून कळतं. मी कधी पत्र पाठवलं का?

मुलीची आई


१५ जानेवारी

विहीणबाई, नमस्कार.

अंगठा पाहिला. पत्र फाईलला लावलं आहे.

सूनबाई माझ्याशी बोलते, कारण मी तिला मध्ये तोडत नाही. त्याला माझा इलाज नाही.

सायकलीच्या गोष्टी त्याने तुम्हाला सांगाव्यात, याचं मात्र नवल वाटलं. मला वाटत होतं, तो ते विसरला. माझ्याकडे येतो तेव्हा तो पंधरा मिनिटं बसतो, "तब्येत बरी आहे ना? गोळ्या घेतेस ना?" एवढं विचारतो आणि घड्याळ बघतो. रविवारी सकाळी तुमच्या वर्कशॉपमध्ये किती वेळ असतो? सूनबाई म्हणाली, जेवायची वेळ टळून जाते. तिथे तो बोनेटखाली डोकं घालून तुमच्याशी वाघाच्या गप्पा मारतो. त्या गाडीत दोन जागा आहेत. एक त्याची. दुसरीवर आतापर्यंत कोण कोण बसलं, तेही मी सूनबाईला विचारलं. ती बसली. तुम्ही तीनदा बसलात. क्लबातला एक दाढीवालाही बसून गेला.

परवा तो दवाखान्यात असताना मी त्याच्या इमारतीत गेले. रखवालदाराने गाडीवरचं कापड काढून दिलं. म्हणाला, "मॅडम, आत बसता का? डॉक्टरांनी किल्ली ठेवलीय धुण्यासाठी." मी नाही म्हटलं. कोणी बसवल्याशिवाय मी बसत नाही. बाहेरूनच पाहिली, चारी बाजूंनी फिरून. चाकांपाशी बराच वेळ होते. जुनी सवय.

विचार केला आणि ठरवलं, की माझी हरकत मागे घ्यावी. त्याने गाडी विश्वासाने तुमच्या हाती दिली आहे, तर करा काय ते. तुम्ही जाणकार आहात. रोलरवर घ्यायच्या आधी सगळं नीट तपासता ना, एवढंच कळवा.

मुलाची आई


२१ जानेवारी

विहीणबाई, नमस्कार!

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाटलं, दुसऱ्याच कोणाचं आलं. तुम्ही हरकत मागे घेतलीत! लेकीला फोन करून सांगितलं तर म्हणाली, "आई, बरं नाहीये का त्यांना?" मी तिला झापलं. माणसाचं मन मोठं असतं कधी कधी, म्हटलं. खुर्च्यांचं मीही आता डोक्यातून काढून टाकते.

तपासण्याबद्दल विचारलंत. का नाही तपासणार? ब्रेक उघडून पाहिले, ऑइल बदललं, पाण्याचे पाइप दाबून पाहिले. टायर तर नव्यासारखे आहेत. परदेशात गाडी बरीच वर्षं गोदामात उभी होती, त्यामुळे खाचा जशाच्या तशा. वेगासाठी त्यावर जे अक्षर असतं तेही बरोबर आहे, दोनशेसत्तरपर्यंत चालणारं. तुमच्या कारखान्यात शिकलेल्या बाईला मी काय सांगणार!

फक्त एक घोळ झालाय. माझ्या रोलरचं बेअरिंग बसलं. नवीन यायला वेळ लागेल, आणि धावपट्टी क्लबाला येत्या शनिवारीच मिळालीय. म्हणून आकडा इथेच काढून टाकते आणि तपासणी तिकडेच करू. गाडी मी चालवेन, जावई शेजारच्या जागेवर कॉम्प्युटर मांडीवर घेऊन बसतील. आधी एकशेऐंशी, मग दोनशे, मग बघू. त्यांना इतका आनंद झालाय की कालपासून तीनदा फोन आला.

तुम्हाला बोलवलं असतं, पण ऊन फार असतं तिथे.

मुलीची आई


२४ जानेवारी, शनिवार, संध्याकाळ

विहीणबाई,

नमस्काराचं पुढे बघू. आज काय झालं ते आधी मला एकदा सरळ मांडू द्या.

एक फेरी झाली होती. एकशेऐंशीचीच, नेहमीची. दुसरीसाठी मी पट्टा लावला, जावयांनी कॉम्प्युटर उघडला. माझा फोन सकाळपासून वाजत होता. तुमचं नाव दिसलं, म्हटलं आता परत खुर्च्या निघणार, आणि उलटा करून ठेवला. जावयांचा तर पिशवीतच होता. तेवढ्यात क्लबाचा माणूस ओरडायला लागला. बघते तर तुम्ही. दोरीखालून वाकून आलात, पर्स काखेत, एक चप्पल मागे राहिलेली, आणि येऊन बोनेटसमोर उभ्या. मी हॉर्न दिला. तुम्ही हलला नाहीत.

काच खाली केली तर म्हणालात, "उतरा. दोघंही."

"आई? तू इथे कशी?" जावई म्हणाले.

त्यांच्याकडे पाहिलंही नाहीत. मला म्हणालात, "पुढचे दोन तेरा वर्षांपूर्वीचे आहेत. मागचा डावा बारा. मागचा उजवा चौदा. रबराला वय असतं, विहीणबाई. खाचा बघून कळत नाही."

मी उतरले. वाकून, टॉर्च लावून टायरच्या कडेचे आकडे वाचले. बनल्याचा आठवडा आणि साल. इतकी वर्षं या धंद्यात आहे, खाच बघते, अक्षर बघते, तारीख कधी बघितली नाही. नव्या टायरलाच गिऱ्हाईक तारीख विचारतं. तुम्ही म्हणालात तेच चारही आकडे होते. संध्याकाळी मागचा उजवा रिमवरून उतरवला. आतल्या बाजूला तळहाताएवढ्या जागेत रबर तारांपासून सुटलेलं. दोनशेला तो गेला असता, तर तुमचा मुलगा माझ्या शेजारी होता.

माझी चूक झाली. ती मी जावयांसमोर तिथेच कबूल केली. ते म्हणाले, "असू दे हो, आई आली ना वेळेवर." किती कौतुकाने म्हणाले, ऐकलंत ना तुम्ही?

पण घरी येताना एक गोष्ट डोक्यात आली आणि गाडी कडेला घ्यावी लागली. मी आकडे वाकून वाचले. तुम्ही न वाकता सांगितलेत.

म्हणजे तुम्हाला आधीपासून माहीत होतं. "चाकांपाशी बराच वेळ होते." त्याच पत्रात लिहिलंत, "सगळं नीट तपासता ना, एवढंच कळवा." आणि मी बावळट, तुमचं मन मोठं झालं म्हणून लेकीला फोन केला.

बेअरिंग बसलं नसतं, तर टायर माझ्या शेडमध्ये फुटला असता. जावयांसमोर माझा फज्जा. तेवढंच हवं होतं ना? तुमच्या कारखान्यात टायर जाळीच्या मागे फोडतात, हे मला जावयांनी सांगितलंय. माझ्याकडे जाळी नाही. रोलरवर गाडी चालू असते तेव्हा मी मागच्या चाकापासून दोन हातांवर उभी असते.

जावयांना हे मी सांगितलेलं नाही. सांगणारही नाही. त्यांना वाटतंय ते वाटू द्या.

मुलीची आई


२९ जानेवारी

विहीणबाई,

तुमचा अंदाज बरोबर आहे. एकही शब्द जास्तीचा लिहिलेला नाही.

कापड काढल्यावर पहिल्या पाच मिनिटांत मला टायरचं वय कळलं. त्याच क्षणी त्याला फोन करायला हवा होता. हात पर्सपर्यंत गेलाही. पण मग मनात आलं, की फोन केला तर तो म्हणेल, "बरं आई, सासूबाईंना विचारतो." माझं ज्ञानसुद्धा तुमच्याकडून तपासून घेईल. त्यापेक्षा तुम्ही गाडी रोलरवर चढवा, टायर फुटू दे, आणि त्याला एकदा दिसू दे, की सासूबाईंनासुद्धा सगळं कळत नाही. असं मी ठरवलं, शांतपणे. रात्री झोपही लागली.

जाळीचं मला सुचलंच नाही. माझ्या नोकरीत टायर फुटला तो नेहमी जाळीच्या आत. आम्ही काचेमागे उभ्या राहून वेळ लिहून घ्यायचो आणि पुढचा चढवायचो. टायर फुटणं म्हणजे माझ्या डोक्यात एक आवाज आणि एक नोंद. शेजारी माणूस उभं असतं, हे चित्रच माझ्याकडे नव्हतं. शिकलेल्या बाईला ते सुचायला हवं होतं.

तुमचं एकवीस तारखेचं पत्र मला शनिवारी सकाळी मिळालं. तुम्ही दोघं फोन उचलेनात, तेव्हा सूनबाईला धावपट्टीचा पत्ता विचारला आणि टॅक्सी केली; पुढचं तुम्हाला माहीत आहे.

तुम्ही त्याला सांगणार नाही म्हणालात. हे मला नको होतं. तुमच्या मेहेरबानीवर मी माझ्या मुलासमोर शहाणी ठरू? खुर्ची एक वेळ देईन, हे घेणार नाही. म्हणून काल त्याला बोलावलं आणि सांगितलं. तो नेहमीसारखं घड्याळ बघत बसला होता. मग बघायचा थांबला.

"म्हणजे तुला माहीत होतं?"

"हो."

"आणि तू गप्प बसलीस."

"रोलरवर करणार आहेत असं वाटलं होतं."

"तिथे सासूबाई उभ्या असतात, आई!"

"ते मला नंतर कळलं."

"पण का? तुला त्यांचा एवढा राग आहे?"

"राग नाही. हेवा आहे."

तो हसेल असं वाटलं होतं. हसला नाही. "कशाचा?" म्हणाला.

"तू त्यांना विचारतोस," मी म्हटलं. "मला नुसतं कळवतोस. तेही उरलंसुरलं."

तो उठला, कप स्वतः विसळला आणि गेला. दारातून एवढंच म्हणाला, की हे ऐकायला त्याला वेळ लागेल. तेव्हापासून फोन नाही. सूनबाईचाही नाही, म्हणजे तिलाही कळलं असणार.

तुम्ही माझ्यामुळे मरू शकला असतात. मी तुमची माफी मागते. फोनवर मागितली असती तर आपण दोघी एकदम बोललो असतो, म्हणून लेखी.

नवे टायर घ्याल तेव्हा दुकानदाराच्या शब्दावर जाऊ नका. चारही एकाच महिन्यातले असावेत आणि सहा महिन्यांहून जुने नकोत.

मुलाची आई


१२ फेब्रुवारी

विहीणबाई, नमस्कार.

पत्र वाचून तुम्हाला दोन शिव्या द्याव्या म्हणून कागद घेतला होता. पहिलीच नीट जमेना, तेव्हा ठेवून दिला. मग चार दिवसांनी लक्षात आलं, की मी रोज तुमच्यावर मनातल्या मनात ओरडतेय आणि वर्कशॉपमध्ये आलेल्या प्रत्येक गाडीच्या टायरची तारीख बघतेय. काल एका माणसाचे टायर त्याच्या लग्नाआधीचे निघाले. बायकोसमोर सांगितलं, फार बोलणी खाल्ली त्याने.

माफी मिळाली, पण पावती आत्ताच देणार नाही. थोडं चिडायचं बाकी आहे.

जावयांच्या गाडीला चार नवे टायर घातले. तारखा मी वाचल्या, त्यांनी वाचल्या, लेकीने फोटो काढला. रोलर दुरुस्त झाला. बाजूला जाळीही बसवून घेतली, तुमच्या कारखान्यात होती तशीच. मापं जावयांनी तोंडी सांगितली. ती त्यांना कशी पाठ, असं विचारलं तर म्हणाले, लहानपणी शाळा सुटली की ते तुमच्या विभागाच्या बाकावर बसून गृहपाठ करायचे. टायर फुटला की टाळ्या वाजवायचे. इतके रविवार माझ्याकडे आले, पण हे मला कधी बोलले नव्हते.

काल रोलरवर दोनशेदहाला गाडी पळवली. काही झालं नाही. जावई वाघासारखे वगैरे ओरडले नाहीत. शांतपणे म्हणाले, "बरं झालं, पाहिलं."

आता खरं काम. कुलूप काढण्याआधी मी गाडीतला मूळ प्रोग्राम उतरवून ठेवते, म्हणजे कधी वाटलं तर एकशेऐंशीची मर्यादा पुन्हा घालता येते. तो माझ्या कपाटात राहतो, असा माझ्या वर्कशॉपचा नियम आहे. आजवर कोणी नाही म्हटलं नव्हतं. काल जावई म्हणाले, "सासूबाई, हा आईकडे ठेवायचा. ती ज्या दिवशी सांगेल त्या दिवशी परत घालायचा. मला विचारायचंसुद्धा नाही."

मी म्हटलं, "अहो, माझ्या कपाटाला काय धाड भरलीय?"

"कपाट चांगलं आहे," म्हणाले.

मला ते लागलं, हे लिहून ठेवते. आता कळलं तुम्हाला कसं वाटत असेल ते. सोबत पाकीट पाठवतेय. मी चिकटवलेलं नाही, त्यांनीच चिकटवलंय. मिळाल्याचं लेखी कळवा.

मुलीची आई


१६ फेब्रुवारी

पोच

मिळालं: पेनड्राइव्ह एक, काळा. त्यात राखाडी गाडीच्या इंजिनाचा मूळ प्रोग्राम, वेगाची मर्यादा ताशी एकशेऐंशी. पाकीट चिकटवलेलं, न फोडलेलं. पाकिटावर "आईकडे" एवढाच मजकूर. अक्षर तपासलं, त्याचंच आहे.

देणार: मुलीची आई.
घेणार: मुलाची आई.